हरवलेल्या खर्जाची वही

रवीदादांबद्दल लिहू का, असं मी त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, "लिही. पण मला सांभाळून घेऊ नकोस." म्हणून जे घडलं ते घडलं तसंच सांगते. यात माझाही थोडा भाग आहे आणि तो काही अभिमानाने सांगण्यासारखा नाही.

रवींद्र आवळे आज साठ वर्षांचे आहेत. मूळचे फलटणचे. बावीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढली, चीफ इंजिनिअर झाले आणि मग सिंगापूरच्या बंदरात जहाजांच्या दुरुस्तीवर देखरेख करण्याच्या नोकरीला लागले. टॅम्पिनीसला अकराव्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट आहे. सुलेखावहिनी साताऱ्याच्या. मुलगी मधुरा इथेच वाढली, आता नोकरी करते. माणूस उंच, रुंद, आवाज खोल. इंजिनरूममध्ये आयुष्य गेल्यामुळे उजव्या कानाने कमी ऐकू येतं, पण एखादं वाद्य सुराला जरा उतरलं तर सगळ्यात आधी त्यांचीच मान वळते.

आमची ओळख बँडमुळे. टॅम्पिनीसच्या एका कम्युनिटी क्लबात दर शनिवारी दुपारी आम्ही चौदा हौशी माणसं जमतो आणि पितळी वाद्यं वाजवतो. मी शाळेत बँडपथकात बिगूल वाजवायचे, त्या जोरावर इथे शिरले आणि मधल्या पट्टीच्या आल्टो हॉर्नवर बसले. रवीदादांकडे बास, म्हणजे सगळ्यात मोठं, खर्जाचं वाद्य. आम्ही दोघेच मराठी. हे सगळं कुठे शिकलात, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. "ट्रेनिंगच्या जहाजावर बँड होता," ते म्हणाले. ते खोटं नव्हतं. फक्त अर्धं होतं.

बँड चालवतात मिस्टर टेओ. शाळेतून निवृत्त झालेले संगीतशिक्षक, सत्तरीचे, बारीक चणीचे, अतिशय सभ्य. त्यांना वेड एकाच गोष्टीचं, अमेरिकेतल्या यादवी युद्धातल्या बँडचं. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी तिथे उत्तर आणि दक्षिण एकमेकांवर उठले, चार वर्षं लढले. त्या काळात पलटणीबरोबर पितळी बँड असायचा. कूच करताना वाजवायचं, संध्याकाळी छावणीत वाजवायचं, आणि लढाई पेटली की वाद्यं खाली ठेवून जखमींना स्ट्रेचरवरून उचलून न्यायचं. त्या वाद्यांची तोंडं मागच्या बाजूला असत. खांद्यावरून बाजा मागे रोखलेला, कारण बँड पुढे चालायचा आणि ज्यांच्यासाठी वाजवायचं ते सैनिक मागून यायचे. मिस्टर टेओंनी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आम्हाला सगळ्यांना गंमत वाटली. रवीदादा नुसते मान हलवत होते. वरातीतही असंच असतं, बँड पुढे आणि नवरदेव मागे, हे त्यांच्या मनात आलं होतं, पण ते त्यांनी मला सांगितलं वर्षभराने.

मिस्टर टेओंनी ओहायोमधल्या एका लहान गावच्या इतिहास मंडळाशी पत्रव्यवहार करून तिथल्या पलटणीच्या बँडच्या वह्यांचे फोटो मिळवले होते. तळहातापेक्षा थोड्या मोठ्या वह्या, प्रत्येक वाद्याची वेगळी, हाताने लिहिलेली स्वरलिपी. वाद्यं आठ, वह्या सात. खर्जाची वही कधीतरी हरवलेली. म्हणून मिस्टर टेओंनी स्वतःच साधा खर्ज लिहून काढला होता, ठेक्यावर एकेक सूर, बस. त्या वह्यांत एकवीस नंबरची एक संथ चाल होती. नाव नाही, नुसता आकडा. बहुतेक कुणा सैनिकाला पुरताना वाजवायची असावी. ती वाजवताना खोलीत कुणी खोकतसुद्धा नसे.

एका शनिवारी त्या चालीत रवीदादांनी लिहिल्याबाहेरचं काहीतरी वाजवलं. वरच्या सुरांतले कॉर्नेट, म्हणजे छोटे बाजे, श्वास घ्यायला थांबतात, तिथे खालून चार सुरांचं उत्तर. मला ते फार आवडलं. मिस्टर टेओंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि हसत, अगदी प्रेमाने म्हणाले, "रवी, वहीत आहे तेवढंच. आपण लग्नातला बँड नाही."

सगळे हसले. मीही हसले. रवीदादाही हसले आणि त्यांनी पान उलटलं.

त्यांचे वडील ज्ञानोबा आवळे फलटणच्या एका ब्रास बँडमध्ये चाळीस वर्षं युफोनियम वाजवत होते. मांडीवर बाळ घ्यावं तसा धरायचा तो पितळी बाजा. घरात त्यांना सगळे आबा म्हणत, गावात मास्तर. लाल डगला, खांद्यावर पिवळ्या झालरी, डोक्यावर टोपी. लिहिलेली स्वरलिपी त्यांना वाचता येत नव्हती. चाल एकदा ऐकायची आणि तिच्याखाली आपला खर्ज आपण बसवायचा, हीच त्यांची विद्या. मुलगी सासरी निघते त्या वेळी बँडवाले संथ चाल धरतात. तिथे आबा वरच्या सुरांना खालून उत्तर द्यायचे. फलटणात लोक म्हणत, मास्तर वाजवायला लागले की मुलीच्या आधी मुलीचा बाप रडतो. यातलं काहीही सिंगापुरात कुणाला माहीत नव्हतं. इथे कुणी विचारलं तर रवीदादा सांगत, वडील नोकरीत होते. कसली नोकरी, हे कुणी पुढे विचारत नसे.

त्या हसण्यानंतरच्या आठवड्यात रवीदादांनी एकविसाव्या चालीचा संपूर्ण खर्ज लिहून काढला. रोज कामावरून आले की जेवायच्या आधी तास-दीड तास. ते मला म्हणाले, मी काही रचलं नाही, आबा जे वाजवत ते आठवून त्या चालीखाली ठेवत गेलो, आणि ते बसत गेलं. शनिवारी त्यांनी ते वाजवलं. या वेळी मिस्टर टेओंनी हात वर केला नाही. चाल संपली तरी कुणी वाद्य खाली ठेवेना. मग मिस्टर टेओंनी चष्मा काढला आणि विचारलं, "हे कुठून मिळालं?"

त्या इतिहास मंडळाशी ई-मेल करायचं काम महिनाभरापूर्वी मिस्टर टेओंनी रवीदादांवरच सोपवलं होतं, खर्जाची वही कुठे सापडते का ते विचारायला. मंडळाने उत्तर दिलं होतं, ती वही आमच्याकडे नाही. ते उत्तर रवीदादांनी अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

ते म्हणाले, "त्यांना काही सुटी पानं सापडली. मी उतरवून घेतलं."

असं का म्हणालात, हे मी त्यांना नंतर विचारलं. त्यांनी फार विचार न करता उत्तर दिलं, "मेलेल्या गोऱ्या सैनिकाचं म्हटल्यावर त्यांनी घेतलं असतं. फलटणच्या बँडवाल्याचं म्हटल्यावर लग्नातलं झालं असतं."

मिस्टर टेओंचा आनंद लपत नव्हता. त्यांनी मूळ पानं पाहायला मागितली. मंडळाने फोटो पाठवायला अजून परवानगी दिलेली नाही, असं रवीदादांनी सांगितलं. एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू लागला. पुंगोलला पाण्याकाठी आमचा कार्यक्रम होता, त्याच्या पत्रकाचा मजकूर माझ्याकडे. मी लिहिलं की दीडशे वर्षं हरवलेला हा खर्ज आमच्या एका वादकाच्या चिकाटीमुळे सापडला आणि आज पहिल्यांदा पुन्हा ऐकू येणार आहे. रवीदादांनी ते वाचलं आणि म्हणाले, माझं नाव काढ. मला वाटलं, किती नम्र माणूस. मी नाव काढलं नाही.

कार्यक्रम चांगला झाला. लहान मुलांना घेऊन फिरायला आलेली कितीतरी कुटुंबं थांबून ऐकत होती. मधुराने मोबाइलवर चित्रण केलं, मिस्टर टेओंनी ते इंटरनेटवर टाकलं, खाली माझा मजकूर. आणि तीन आठवड्यांनी बँडच्या पत्त्यावर एक ई-मेल आला.

लिहिणाऱ्या बाईंचं नाव रूथ. वय एक्याऐंशी, ओहायोतल्या त्याच गावाजवळ राहणाऱ्या. त्यांचे पणजोबा जोसाया त्या पलटणीच्या बँडमध्ये खर्ज वाजवत. घरात त्यांचा एकच फोटो आहे, खांद्यावर मागे तोंड असलेला बाजा घेतलेला. ते वाजवत एवढंच घराण्यात माहीत होतं, काय वाजवत ते कुणालाच माहीत नव्हतं. 'माझा भाऊ वृद्धाश्रमात आहे,' रूथबाईंनी लिहिलं होतं, 'तो आता फारसा बोलत नाही. मी त्याला तुमचं वादन रोज ऐकवते. तो डोळे मिटून पणजोबांचं नाव घेतो. त्या पानांचा फोटो मला मिळेल का? आमच्याकडे त्यांच्या हातची एक ओळसुद्धा नाही.'

मिस्टर टेओंनी हे पत्र तालमीला उभं राहून वाचून दाखवलं. बँडमधल्या दोघींनी डोळे पुसले. रवीदादा आपल्या वाद्यात श्वासाने साठलेलं पाणी काढत होते, ते काढतच राहिले.

माणसाने तिथे थांबायला हवं होतं. रवीदादा थांबले नाहीत. उत्तर द्यायचं त्यांनी पंधरा दिवस टाळलं. मग मिस्टर टेओंचा दुसरा, तिसरा निरोप आला. एका रविवारी दुपारी वहिनी देवळात गेल्या होत्या, मधुरा मैत्रिणींबरोबर सायकल चालवायला पुलाउ उबीन बेटावर. रवीदादांनी जहाजावरच्या एका जुन्या रजिस्टरमधली कोरी पानं कापली. खालच्या हॉकर सेंटरमधून, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांवरून, काळी कॉफी आणली होती, ती ताटात ओतून पानं तिच्यात बुडवली. मग टाकाने, बाकीच्या वह्यांच्या फोटोंत बघून बघून, त्या काळच्या वळणाने सूर लिहायला बसले. इंजिनिअरचा हात. दोन पानं अगदी हुबेहूब उतरली.

वहिनी लवकर परत आल्या. स्वयंपाकघराच्या ओट्यावर तपकिरी पानं वाळत घातलेली, कडेला इस्त्री. रवीदादांच्या बोटांना शाई. हा प्रसंग मला दोघांनीही वेगवेगळा सांगितला आणि दोघांच्या सांगण्यात काही फरक नव्हता.

वहिनींनी विचारलं हे काय आहे. त्यांनी आधी म्हटलं, काही नाही, बँडचं काम. वहिनी पर्स खांद्याला तशीच ठेवून स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "मी तुम्हाला बत्तीस वर्षं ओळखते. सांगा."

मग त्यांनी सगळं सांगितलं. टेओंचं वाक्य, हसणं, खर्ज, रूथबाई, पणजोबा. वहिनींना सासरे बँडमध्ये होते हे अर्थात माहीत होतं. त्या शांतपणे ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे आबांचं वाजवणं तुम्ही त्या माणसाच्या नावावर केलंत."

"हो."

"एवढं येत होतं आबांना?"

"तू कधी ऐकलंच नाहीस ना."

"कसं ऐकणार? माझ्या लग्नातसुद्धा नाही ऐकलं."

या वाक्यावर रवीदादांनी मान खाली घातली. आणि इतकं सांगून झालंच होतं म्हणून, की आता आणखी काही उरू नये असं वाटलं म्हणून, त्यांनी तेही सांगून टाकलं. लग्न साताऱ्याला होतं, मुलीकडे. आबांची फार इच्छा होती, त्यांचे सगळे साथीदार तयार होते, नवे डगले शिवायला टाकायचं बोलणं चाललं होतं. पण बोटीवरचे सहा मित्र, सगळे अधिकारी, लग्नाला येणार होते. त्यांच्यापुढे आपला बाप लाल डगला घालून गाल फुगवून वाजवताना दिसू नये, असं रवीदादांना वाटलं. तसं तोंडावर सांगायचं धाडस नव्हतं. म्हणून त्यांनी आबांना सांगितलं की मुलीकडच्यांना बँड नको आहे. शिकलेलं घर आहे, हेडमास्तरांचं, त्यांना आवडत नाही.

"आबांनी काय म्हटलं?" वहिनींनी विचारलं.

"काही नाही. 'बरं' म्हणाले."

वहिनींनी खांद्यावरची पर्स काढून खाली ठेवली. मग त्यांनी जे सांगितलं ते रवीदादांना बत्तीस वर्षांत कळलं नव्हतं. लग्नाच्या दिवशी मांडवात वहिनींच्या वडिलांनीच, अण्णांनी, आबांना विचारलं होतं. वहिनी तेव्हा आत नवरीच्या साडीत बसल्या होत्या, खिडकीतून ऐकू येत होतं. अण्णा म्हणाले होते, मास्तर, बँड कुठाय? आम्ही तर तुमचं वाजवणं ऐकायला टपून बसलोय, अर्ध्या साताऱ्याला सांगून ठेवलंय मी. आणि आबा क्षणभर थांबून म्हणाले होते, घरच्या कार्यात आम्ही वाजवत नाही, आमच्यात तशी पद्धत नाही.

"मला इतकी वर्षं वाटत होतं, खरंच तुमच्यात पद्धत नसेल," वहिनी म्हणाल्या.

तशी काही पद्धत नव्हती. आबांनी आपल्या तिन्ही पुतण्यांच्या लग्नात वाजवलं होतं.

म्हणजे आबांना त्या मांडवात, अण्णांच्या त्या एका प्रश्नाने कळलं होतं, की बँड नको म्हणणारा कोण होता. आणि त्यांनी तिथल्या तिथे मुलाची बाजू झाकली. त्यानंतर ते सतरा वर्षं जगले. दोनदा सिंगापूरला येऊन राहून गेले. नातीला मांडीवर घेऊन तोंडाने युफोनियमचे आवाज काढत. मुलाजवळ या विषयाचा शब्दसुद्धा कधी काढला नाही.

रवीदादा मला म्हणाले, "ओरडले असते, एकदा थोबाडीत मारली असती, तर माझ्या हिश्शाचं फिटलं असतं. मी त्यांना चांगला मुलगा वाटत होतो, असं समजून मी त्यांच्या चितेला अग्नी दिला."

वहिनींनी ओट्यावरची पानं गोळा केली. फाडली नाहीत. त्यांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "यांचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. मी काही म्हणणार नाही. पण त्या म्हातारीला तुम्ही हे पाठवलंत, तर मी मधुराकडे तोंड वर करून बघू शकणार नाही." आणि आत जाऊन साडी बदलली.

पानं रवीदादांनीच फाडली. त्यानंतरच्या शनिवारी तालमीच्या तासभर आधी त्यांनी मला क्लबच्या खाली बोलावलं. बाकावर बसून सगळं सांगितलं. आता माझा भाग. मी पहिल्यांदा काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "दादा, हे कुणाला सांगायलाच हवं का? मूळ पानं खराब झाली, मिळत नाहीत म्हणू. म्हातारीला आनंद झालाय, तिच्या भावाला झालाय. कुणाचं काय बिघडलं?"

खरं तर मला काळजी होती ती माझ्या पत्रकाची. माझं नाव खाली छापलेलं होतं. ऑफिसात मी दोन-चार जणांना अभिमानाने ते पाठवलं होतं. रवीदादांनी माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही. "मीही आबांच्या बाबतीत हेच म्हणालो होतो," ते म्हणाले. "कुणाचं काय बिघडलं."

तालमीला सगळे आपापल्या जागी बसल्यावर ते उभे राहिले. इंग्रजीत, थोडक्यात बोलले. पानं सापडली नव्हती. खर्ज माझ्या वडिलांचा आहे. ते लग्नात बँड वाजवत. मी खोटं बोललो. एवढा उंच, रुंद माणूस, हात मागे बांधून, शाळेत उभं केल्यासारखा. मिस्टर टेओंचा चेहरा उतरला होता. पत्रव्यवहार त्यांच्या नावाने झाला होता, इतकी वर्षं जपलेली विश्वासार्हता गेली होती. ते फक्त एवढंच म्हणाले, "आज तालीम नको." मग सगळे वाद्यं भरून घरी गेले. एरवी आम्ही खाली जाऊन कॉफी घेतो. त्या दिवशी कुणी कुणाला चल म्हणालं नाही.

रूथबाईंना पत्राने कळवा, असं मिस्टर टेओंनी सुचवलं होतं. रवीदादा म्हणाले, पत्रात माणूस स्वतःला फार चांगलं मांडतो. त्यांनी वेळ मागून घेतली आणि एका सकाळी, तिथे तेव्हा संध्याकाळ, संगणकावर त्यांना समोर घेतलं. बाजूला वहिनी आणि मी बसलो होतो. आम्ही असावं असं त्यांनीच सांगितलं होतं, म्हणजे शब्द गिळता येणार नाहीत. पडद्यावर पांढऱ्या केसांची एक सडसडीत बाई, मागे भिंतीवर चौकट. त्या चौकटीत बहुधा जोसाया असावेत, नीट दिसत नव्हतं. रूथबाई आधीच आभार मानायला लागल्या होत्या. रवीदादांनी त्यांना थांबवलं आणि सांगितलं.

रूथबाईंनी मागे वळून त्या चौकटीकडे पाहिलं.

मग म्हणाल्या, "म्हणजे ते जोसाया नव्हते."

"नाही. माझे वडील होते. मी तुमची फसवणूक केली."

"माझा भाऊ गेल्या महिन्यात वारला," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. "चर्चमध्ये आम्ही हेच लावलं. सगळ्यांना सांगितलं की पणजोबा त्याला न्यायला आलेत. ते आता मला परत घेता येत नाही."

रवीदादांनी क्षमा मागितली. त्यांना जे शब्द येत होते ते सगळे वापरले. रूथबाईंनी ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं की तुमचे वडील हे कधी वाजवत. मुलगी लग्न होऊन घर सोडते तेव्हा, रवीदादांनी सांगितलं. "तुम्ही स्वतः सांगितलंत, हे मी लक्षात ठेवीन," एवढं बोलून रूथबाईंनी कॉल बंद केला. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. आजपर्यंत त्यांचं दुसरं पत्र नाही.

चित्रण इंटरनेटवरून काढलं. इतिहास मंडळाला रवीदादांनी स्वतःच्या नावाने खुलासा पाठवला, त्यांचं दोन ओळींचं कोरडं उत्तर आलं. माझ्या पत्रकाची दुरुस्ती मी लिहिली आणि ज्यांना ज्यांना ते पाठवलं होतं त्या सगळ्यांना पाठवली. ऑफिसातल्या लोकांनाही. एकाने विचारलं, एवढं काय त्यात.

पाच महिने रवीदादा तालमीला आले नाहीत. मिस्टर टेओ एकदा त्यांच्या घरी जाऊन आले. 'लग्नातला बँड' म्हणाल्याबद्दल त्यांनी माफी मागितली. रवीदादांना ती माफी फार लागली. ते मला म्हणाले, "त्यांची काय चूक? त्यांना माहीत नव्हतं. माहीत होऊ नये याची काळजी मीच तर घेत होतो." मिस्टर टेओंनी असंही सुचवलं होतं की ती चाल पुन्हा वाजवू, पत्रकात ज्ञानोबा आवळे, फलटण असं नाव घालू. बँडमधल्या सगळ्यांनाच ते पटलं होतं. रवीदादांनी नको म्हणून सांगितलं. आबा जिवंत असताना त्यांचं नाव लपवलं, आणि आता आपली लाज धुवायला ते बाहेर काढायचं, हे त्यांना जमणार नव्हतं. वहिनींनाही ते पटलं. मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

सहाव्या महिन्यात ते परत आले. मागच्या रांगेत बसले. एकविसाव्या चालीला मिस्टर टेओंनी लिहिलेला साधा खर्ज वाजवतात, ठेक्यावर एकेक सूर. त्यात काही घालत नाहीत. तालीम संपली की सगळ्यांच्या आधी निघतात असं नाही, पण कॉफीला आले तरी कमी बोलतात.

वहिनी त्यांच्याशी बोलत नाहीत असं काही नाही. संसार चालू आहे. फक्त आता आबांचा विषय निघाला तर त्या तो बदलू देत नाहीत. मधुरालाही सगळं सांगितलं. तिने ऐकलं आणि इंग्रजीतच विचारलं, मग आजोबा तुमच्यावर कधीच चिडले नाहीत का?

यंदा गणपतीत पुंगोलला श्रीराम नावाच्या एका मित्राच्या घरी आम्ही सगळे आरतीला गेलो होतो. तिथे जाई म्हणून एक नवीन मुलगी आली होती, पुण्याहून चार महिन्यांपूर्वीच, नवऱ्याची नोकरी इथे. जेवताना ती कौतुकाने चौकशी करत होती, कोण कुठलं, घरी कोण कोण. फलटण म्हटल्यावर तिने रवीदादांना विचारलं की तुमचे वडील काय करायचे. मी पोळी मोडता मोडता थांबले. वहिनींनीही वर पाहिलं.

"बँडमध्ये होते," रवीदादा म्हणाले. "लग्नात वाजवायचे. युफोनियम."

"अय्या, हो?" जाईला खरंच आनंद झाला होता. "मग तुमच्या लग्नात तर काय धमाल आली असेल."

पंगतीत सात-आठ जण होते. सगळे त्यांच्याकडे बघत होते, सहज, हसऱ्या चेहऱ्याने.

"नाही," ते म्हणाले. "त्यांना वाजवायचं होतं. मी वाजवू दिलं नाही. मला लाज वाटली होती."

जाईचं हसू तसंच राहिलं, मग हळूहळू गेलं. श्रीरामने वरणाचं भांडं पुढे केलं, कुणीतरी शाळेच्या प्रवेशाचा विषय काढला आणि बोलणं पुढे गेलं. रवीदादांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. वहिनींनी त्यांच्या ताटात, त्यांनी न मागता, आणखी थोडा भात वाढला. तो त्यांनी खाली मान घालून संपवला.